प्रशिक्षक झाल्यावर काय करायचं असतं

ती. आई-बाबांस, शि. सा. न.

बाबा, रग्बी खेळणं थांबवून शिकवायला लागायचं म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

आधी वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचे ऑनलाइन धडे, मग मैदानावरचा लेव्हल वनचा, म्हणजे पहिल्या पातळीचा वर्ग. चांगले खेळाडू इथेच अडखळतात. टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, अंगात इतका मुरलेला असतो की त्याच्या पायऱ्या सुट्या करून दाखवता येत नाहीत. नवशिक्यांना आधी दोघांनी गुडघ्यांवर, मग चालत, शेवटी धावत शिकवायचं. डोकं समोरच्याच्या कंबरेच्या बाजूला, मागच्या अंगाला; पुढ्यात गेलं तर त्याचा गुडघा कानशिलात बसतो. डोळे मिटले की मान खाली जाते. निम्म्या दुखापतींचं मूळ तिथेच, असं माझं मत.

डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. पोरगं कितीही 'बरा आहे' म्हणो. उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर थेट गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल.

आपल्याकडे मैदानं बहुतेक फुटबॉलची. एप्रिल-मेमध्ये जांभ्याची माती दगडासारखी होते, तेव्हा पासिंग आणि धावणं. पाडापाडी पाऊस ओसरून गवत धरल्यावर.

व्यवस्थापन हे वेगळंच काम. सेव्हन्सचा, म्हणजे सातजणांच्या रग्बीचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा, पण दिवसात दोन-तीन सामने असतात. संघ बाराजणांचा: सात आत, पाच राखीव. पहिल्याच सामन्यात सगळे दमवले तर तिसऱ्यात पाय उचलत नाहीत. मधल्या वेळात पेज, मीठ, केळी. तळलेलं अजिबात नको (आई, तुला हे पटेल). जन्मदाखल्यांच्या प्रती, रेल्वेची तिकिटं, बर्फ, पट्ट्या, जर्सी हेही प्रशिक्षकाच्याच गळ्यात. एक दाखला राहिला की वयोगटातला मुलगा बाहेर बसतो आणि घरचे त्याचा जाब विचारतात.

पगाराचं म्हणाल, तर पूर्णवेळ जागा थोड्याच. बहुतेकजण शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून संध्याकाळी संघ घेतात. त्यासाठी बी.पी.एड. लागतं, दोन वर्षांचं. त्याचाच अर्ज भरतेय. दहावीचं मूळ प्रमाणपत्र कपाटात असेल, तेवढं काढून ठेवा. गणपतीच्या चवथीला येईन तेव्हा घेऊन जाईन.

तुमची,
धाकटी