आहाराचा धडा ताटातच होऊ द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. सप्टेंबर लागला की पोषण महिन्याचं परिपत्रक येतं. मग प्रभातफेरी, घोषवाक्यं, रानभाज्यांचं प्रदर्शन, पालकसभा आणि या सगळ्याचे फोटो. आम्ही ते मनापासून करतो. पण प्रथिनं, कर्बोदकं, जीवनसत्त्वं ही नावं धडाधड म्हणता आली म्हणून सहा वर्षांचं पोर ताटातला दुधी खायला लागत नाही. ते खायला शिकतं खाता खाताच. शाळेत ती वेळ रोज येते, मधल्या सुट्टीत. म्हणून माझं मागणं एवढंच, की आहाराचं शिक्षण त्या अर्ध्या तासात आणा आणि त्यासाठी ताटात जे लागतं त्याला कात्री लावू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षं या वयातली सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची होती. त्या वेळची अंगणवाडीतली मुलं आज प्राथमिक शाळेत बसली आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं. फार चांगला निर्णय होता तो. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा आणि खीर, नाचणी सत्त्वाला लागणाऱ्या साखरेचा निधी थांबला. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून पैसे उभे करा, असं शाळांना सांगण्यात आलं. साहेब, जिथले आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथे लोकसहभाग मागायचा कोणाकडे? पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून रोज ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे दिवसाच्या निकषाच्या निम्मी, आणि तीही अंगी लागणारी. अंडं न खाणाऱ्या घरांचा मान त्या योजनेत राखलेला होताच. माझ्या वर्गात एकाच पंगतीत कुणी अंडं सोलत होतं, कुणी केळं, आणि त्यावरून कधी कुरबुर झाली नाही.

शिकवायचं कसं, तेही सांगते. आमच्याकडे मटकी भिजवायचं काम पोरांनी मागून घेतलं आहे. सोमवारी शाळा भरताना वाट्या मोजून मटकी भिजत घालायची, सुटताना पाणी काढून फडक्यात बांधायची, मंगळवारी सकाळी गाठोडं सोडायचं. गाठ सुटायच्या आत सगळी डोकी त्यावर वाकलेली असतात. "बाई, शेपूट आलं!" मग तीच मटकी पुन्हा वाट्यांनी मोजायची. काल जेवढ्या वाट्या होत्या त्याच्या दुप्पट कशा झाल्या, यावर भांडण होतं, आणि त्या भांडणात माझा गणिताचाही तास होऊन जातो. मोड येताना त्यात क जीवनसत्त्व तयार होतं, हे मी नंतर सांगते, तेही एका वाक्यात. दुपारी उसळ वाढली की एरवी ताटाच्या कडेला ढीग लावणारं पोर शेजारच्याला बजावतं, "टाकू नको, आमची मटकी आहे."

नवीन भाजी लहान मूल पहिल्यांदा नाकारतंच. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ती समोर आली, थोडी थोडी चाखायला मिळाली, शेजारचं पोर खाताना दिसलं, की मग जीभ तिला सरावते. याला धीर लागतो आणि मोठं माणूस पंगतीत बसलेलं लागतं. शेवग्याचा पाला घातलेली आमटी मी त्यांच्यासमोर भुरकली, तरच ती खाल्ली जाते. आणि नेमक्या त्याच वेळी आम्हाला मोबाईलवर ताटांची संख्या भरायची असते, रेंज शोधत पटांगणात फिरायचं असतं. ती नोंद शाळा सुटेपर्यंत केव्हाही भरू द्या. जेवणाची वेळ अध्यापनाची वेळ म्हणून वेळापत्रकात धरा.

घरी काय चालतं तेही आपल्या कानावर घालायला हवं. सकाळी कपभर चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट किंवा खारी, एवढ्यावर पुष्कळ मुलं शाळेत येतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह शरीराला नीट मिळत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर जास्त मिळतं. आयांना हे कुणी नीट सांगितलं तर त्या ऐकतात, करतात. मी पालकसभेत तक्ते लावायचे सोडले आणि आयांना मुलांबरोबर जेवायला बसवलं. त्या दिवसापासून प्रश्न विचारायला त्या आपणहून थांबतात.

फाटकाबाहेरच्या पाच रुपयांच्या पुड्याचं मात्र एकट्या शिक्षकाला निस्तरत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. गावात हे बहुतेकांना माहीतच नाही. दुकानदार आपलाच माणूस असतो, त्याच्याशी वाईटपणा घ्यायला शाळा व्यवस्थापन समिती धजत नाही. दुकानदाराच्या हातात या नियमाचा कागद ग्रामपंचायतीने द्यावा, आणि त्याच दुकानात भाजके शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू ठेवायलाही सांगावं.

आणि आमच्या स्वयंपाकी ताई. २०२३ मध्ये त्यांचं मानधन महिना दीड हजारावरून अडीच हजार झालं. एवढ्या पैशात त्या चुलीपुढे उभ्या राहतात, भांडी घासतात, आणि कुठल्या पोराला तिखट चालत नाही हे माझ्याआधी त्यांना कळतं. पोषणाची प्रशिक्षणं आम्हा शिक्षकांना होतात. कुळथाचं पिठलं, नाचणीची आंबील, टाकळ्याची भाजी ज्यांच्या हाताला माहीत आहे, त्या बायकांना केंद्रावर बोलवा. त्यांच्याकडून पाककृती घ्या, त्या सांगतील तसे जिल्ह्याजिल्ह्याचे पदार्थ ठरवा. त्या दिवसाची त्यांची मजुरीही द्या.

१५ जूनला शाळा भरायच्या आत अंड्याचा आणि केळ्याचा निधी पूर्ववत करणारा शासन निर्णय निघावा. त्यातच जेवणाच्या वेळेबद्दल आणि नोंदीच्या सवलतीबद्दल दोन ओळी असाव्यात. बाकीचं आम्ही करू.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका