टायरवरचे चार आकडे

महोदय,

भर उन्हाळ्यात कसारा घाट उतरून मुंबई गाठणारे आम्ही नाशिककर टायर घेताना किंमत पाहतो, पण त्याच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचत नाही. ‘२३२२’ म्हणजे टायर बनला तो २०२२ सालचा तेविसावा आठवडा. गेल्या महिन्यात मला ‘सवलतीत’ दाखवलेला जोड हाच होता. रबर मुरलेले आहे, असे दुकानदाराने वर ऐकवले, जणू लोणचेच!

ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजतो हे दाखवणारा, आकडा दिलेला असल्यास तोही पाहावा. तो मोठा असला तर टायर सहसा जास्त टिकतो. वेगासाठी बनवलेले मऊ रबर पकड उत्तम देते, पण लवकर झिजते. उत्पादनाचा आठवडा विक्रेत्यांनी बिलावरच लिहावा, अशी मागणी आहे.

— एक वाहनधारक, नाशिक रोड