तू ठेवून गेलेलं पुस्तक

चि. मेघास अनेक आशीर्वाद.

आखाजीच्या सणाला तू न बोलता निघून गेलीस. त्या भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. तुझ्या टेबलावरची लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ वाचली, केन लिऊंचा इंग्रजी अनुवाद. विज्ञानकथांसाठीचा २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळालेली. अनुवादित कादंबरीला तो पहिल्यांदाच मिळाला.

तीन सूर्यांचा भाग मी दोनदा वाचला. एकमेकांना ओढणाऱ्या दोन गोलांच्या फिरण्याचं गणित न्यूटनने सोडवलं. तिसरा आला की सगळ्या वेळी चालेल असं सूत्रच मिळत नाही, हे बारावीच्या पोरांना किती वर्षं सांगत आलो! कादंबरीतल्या त्या तीन सूर्यांच्या ग्रहावर उन्हाळा कधी येईल, किती टिकेल, कोणालाच ठाऊक नाही. मग तिथले जीव अंगातलं पाणी काढून टाकतात, वाळलेल्यांना गुंडाळून कोठारात ठेवतात आणि बरे दिवस आले की भिजवतात. गच्चीवर आईच्या बिबड्या वाळत होत्या तसेच.

पण अडकलो ते ये वेनजिएपाशी. १९६७ साल, चीनमधली सांस्कृतिक क्रांती. तिचा बाप पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. भर सभेत त्याला मारून टाकतात, त्याच्याविरुद्ध बोलायला त्याचीच बायको उभी, आणि पोरगी गर्दीत. पुढे डोंगरावरच्या तळावर तिला परग्रहावरून ताकीद येते: उत्तर देऊ नका. संदेश जायला चार वर्षं, यायला चार. तरी ती उत्तर देते, कारण माणसांवरचा तिचा विश्वासच उडालेला असतो.

त्या दिवशी तू म्हणालीस, “माणसांचं काही खरं नाही, पप्पा.” तेच मनातून जात नाही. खोडदच्या तुमच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या फक्त ऐकतात, पाठवत काही नाहीत, हे मला माहीत आहे. तरी रात्रपाळीला तू एकटी, डबा तसाच, आणि डोक्यात हे वाक्य. माणसांत राहावं गं. चार जणांत बसून जेवावं, वेळेवर झोपावं, कोणी टोचून बोललं तर... झालं माझं सुरू. राग मानू नकोस.

तू तिसरीत असताना पाटणादेवीला गेलो होतो. भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, असं सांगितल्यावर तू थेट पुजाऱ्याला विचारलंस, “त्यात मुली होत्या का?” आता कोणी विचारलं, पोरगी काय करते, की सांगताना ऊर भरून येतो. रात्री मात्र झोप लागत नाही.

दुसरा भाग असेल तर पाठव. आईने कळण्याचं पीठ आणि बिबड्या कुरियर केल्यात. एकटी खाऊ नकोस, खोलीवरच्या पोरींनाही दे. मिळालं की फोन कर.

तुझा,
पप्पा