विषय: बंद खोलीत ओझोन सोडणारे आपले हवाशुद्धी यंत्र आणि मला न विचारता बंद केलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या प्रतिनिधीशी आज पाचव्यांदा बोलून फोन ठेवला आणि पाच मिनिटांत ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे’ असा संदेश आला. समाधान कोणाचे झाले, याचा खुलासा त्यात नव्हता.

आपले यंत्र ओझोन तयार करते हे मी आपल्याला सांगायला नको. त्याच्या मागे ताशी ५० मिलिग्रॅम हा आकडा आणि पुस्तिकेत ‘दारे-खिडक्या बंद ठेवून वापरावे’ ही सूचना आपणच छापली आहे. ते माझ्या आईच्या खोलीत तीन आठवडे रोज रात्री चालले. आईला दमा आहे. आधी घसा खवखवू लागला, मग कोरडा खोकला सुरू झाला, आणि शेवटी छाती दुखून तिला खोल श्वास घेता येईना. त्याच सुमारास यंत्राशेजारच्या फळीवर तिच्या औषधांच्या पट्ट्यांना गुंडाळलेले रबरबँड हात लावताच तुटू लागले. ताणलेल्या भागावर बारीक आडव्या भेगा होत्या. ओझोन रबराला अशाच भेगा पाडतो. यंत्र बंद केल्यावर चार दिवसांत खोकला उतरला.

हे सगळे ऐकून आपले प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, वास येतोय ना? म्हणजे मशीन व्यवस्थित काम करतंय.” तो वास ओझोनचा आहे, असे मी म्हटले. “ओझोन म्हणजे ऑक्सिजनच हो, एक जास्तीचा.” (तो जास्तीचा अणूच श्वासनलिकेच्या अस्तराला बाधतो.) प्रमाण किती, असे विचारल्यावर मला बराच वेळ संगीत ऐकवण्यात आले आणि मग उत्तर मिळाले, “मर्यादेत आहे.” कोणाच्या मर्यादेत? “कंपनीच्या.” त्यानंतर त्यांनी आईचे वय विचारले. मी एकाहत्तर सांगितले. “मग या वयात थोडा दम लागतोच ना, मॅडम.” हे वाक्य मी लगेच लिहून ठेवले, कारण नंतर ते कोणी बोललेच नव्हते असे मला सांगितले जाईल. जाता जाता त्यांनी खिडकी उघडी ठेवण्याचाही सल्ला दिला. खिडकी उघडूनच हवा शुद्ध करायची, तर ती खिडकी आमच्याकडे आधीपासून आहे.

कंपनीची मर्यादा मला माहीत नाही. इतरांच्या माहीत आहेत. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीसाठी ०.१ पीपीएम, म्हणजे हवेच्या एक कोटी भागांत एक भाग, ही मर्यादा आहे, आणि तीही कामावर जाणाऱ्या माणसांसाठी, दम्याच्या रुग्णासाठी नव्हे. घरगुती हवाशुद्धी यंत्रांना कॅलिफोर्नियात ०.०५ पीपीएमच्या वर परवानगी नाही. आईच्या ३० घनमीटरच्या बंद खोलीत आपल्या यंत्राचा एका तासाचा ओझोन साठला, तर सुमारे ०.८ पीपीएम होतो. त्यातले तीन चतुर्थांश भिंती-पडद्यांवर नष्ट झाले असे उदारपणे मानले, तरी ०.२ उरतो, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मर्यादेच्या चौपट. शिवाय सुरक्षित मर्यादेत राहणारा ओझोन घरातली हवा फारशी शुद्ध करू शकत नाही, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था स्पष्ट सांगते. मग हे यंत्र एक तर निरुपयोगी आहे किंवा घातक, यांपैकी कोणते ते आपण कळवावे. यंत्रासोबत आपण लिंबाच्या वासाचे फरशी पुसण्याचे द्रावण भेट दिलेत. त्यातल्या सुगंधी द्रव्याशी ओझोनचा संयोग झाला की फॉर्मल्डिहाइड तयार होते, हे भेट निवडणाऱ्याला ठाऊक होते का?

नऊ वर्षे आपला पाण्याचा फिल्टर विनातक्रार वापरला, म्हणूनच हे यंत्र डोळे झाकून घेतले होते.

मला बदली यंत्र नको. दहा दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी, यंत्र उचलून न्यावे, आणि या यंत्राने खोलीत ओझोनचे प्रमाण किती होते याचा चाचणी अहवाल लेखी द्यावा. अन्यथा मी ग्राहक न्यायालयात जाईन. तुटलेले रबरबँड आणि पुस्तिकेचे ते पान मी पाकिटात घालून ठेवले आहे, आणि वयाबद्दलचे ते वाक्यही तारखेसह सोबत आहे. तोवर मी सांगितल्याशिवाय ही तक्रार पुन्हा बंद करू नये.

आपली (अजून तरी) ग्राहक