युरोव्हिजनचे गुण कसे मोजतात

व्हिएन्ना
२५ एप्रिल २०२६

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

युरोव्हिजन, म्हणजे युरोपातली दरवर्षीची देशोदेशींची गाण्याची स्पर्धा. तिच्या गेल्या वर्षीच्या, स्वित्झर्लंडमध्ये बासलला झालेल्या अंतिम फेरीची क्लिप बघून तू विचारलंस, की हा ऑस्ट्रियाचा मुलगा, जेजे, एवढ्या वरच्या पट्टीत सुरेल गातो, त्याला परीक्षकांनी डोक्यावर घेतलं, मग प्रेक्षकांनी सगळ्यात जास्त मतं दुसऱ्याच देशाला कशी दिली? आणि तरी जिंकला तोच, हे कसं? स्पर्धेची सगळी गोम याच प्रश्नात आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मन्याला सांगलीतून मत द्यायचं आहे, त्याचं शेवटी सांगते.

आधी एक गोष्ट. कागदोपत्री इथे देश उतरत नाहीत, टीव्ही संस्था उतरतात. त्यांचा संघ, म्हणजे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, १९५६ पासून हे भरवतो. पहिल्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला जेमतेम सात देश होते. ऑस्ट्रेलिया २०१५ पासून येतो तो तिथल्या वाहिनीला बोलावणं असतं म्हणून. भूगोलाचा तिथे संबंध नाही. यंदा इस्रायलच्या सहभागावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड बाहेर राहिले, तो निर्णयही तिथल्या वाहिन्यांचाच. तरी पस्तीस देश उरलेत. गेल्या वर्षी ऑस्ट्रिया जिंकला म्हणून यंदाचं यजमानपद व्हिएन्नाकडे.

आता गुण. प्रत्येक देश दोनदा गुण देतो, एकदा परीक्षकांचे आणि एकदा प्रेक्षकांचे. दोन्ही वेळा पहिल्या गाण्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८, ७ असं उतरत दहाव्याला १. बेरीज ५८. देश केवढा हे बघत नाहीत. जर्मनीचे ५८ आणि माल्टाचेही ५८. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि वर्तमानपत्रवाले दोन्हींत दरवर्षी घोळ घालतात. पहिली म्हणजे शून्य गुण. २०२१ ला रॉटरडॅममध्ये ब्रिटनला परीक्षकांकडून शून्य, प्रेक्षकांकडूनही शून्य. 'युरोपात एकानेही मत दिलं नाही' असं लोक म्हणतात, ते खरं नसतं. एखादं गाणं प्रत्येक देशात अकरावं आलं तरी त्याच्या पदरात शून्यच पडतं. मतं लाखभर असली तरी गुण पहिल्या दहांनाच. म्हणून इथे 'बरं' गाणं सगळ्यात धोक्याचं. कुणालाच न खटकणारं गाणं कुणाच्याच यादीत वर जात नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या प्रश्नाची. २०१६ चा स्टॉकहोमचा निकाल बघ. परीक्षकांत ऑस्ट्रेलिया पहिला, ३२० गुण. प्रेक्षकांत रशिया पहिला, ३६१ गुण. जिंकलं युक्रेन, दोन्हीकडे दुसरं येऊन: २११ आणि ३२३, एकूण ५३४. ऑस्ट्रेलियाला प्रेक्षकांनी १९१ च दिले, तो ५११ वर थांबला. रशियाला परीक्षकांनी १३० दिले, तो ४९१ वर. बासलला ऑस्ट्रियाच्या जेजेचं गणित थोडं वेगळं होतं: परीक्षकांचे २५८ आणि प्रेक्षकांचे १७८, मिळून ४३६. इस्रायलला प्रेक्षकांनी २९७ दिले, पण परीक्षकांनी फक्त ६०, म्हणून ३५७. लेखीत पैकीच्या पैकी आणि तोंडीत काठावर, असा विद्यार्थी बोर्डात पहिला येत नाही, तसंच.

परीक्षकांबद्दल एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. अंतिम फेरी शनिवारी, पण परीक्षक गुण देतात ते शुक्रवारी रात्रीच्या रंगीत तालमीवरून. म्हणजे शनिवारी तू जे ऐकशील त्याचा परीक्षकांच्या गुणांशी काहीच संबंध नाही. शुक्रवारी आवाज फाटला आणि शनिवारी स्वर्ग उभा केला, तरी अर्धे गुण गेलेलेच. गायकांची म्हणूनच पंचाईत होते. तालमीत गळा राखून गावं म्हटलं तर तीच तालीम परीक्षेची.

दर देशात आत्तापर्यंत पाच परीक्षक असत, यंदापासून सात, आणि त्यात किमान दोघं १८ ते २५ वयाची हवीत. गेली तीन वर्षं उपांत्य फेरीत परीक्षक नव्हतेच, ते यंदा परत आलेत. त्यांच्यावर नजरही असते. २०२२ ला तुरिनमध्ये एका उपांत्य फेरीतल्या सहा देशांच्या परीक्षकांची मतं एकमेकांना धरून दिल्यासारखी दिसली. ती सगळी रद्द केली आणि सारख्या धाटणीने मत देणाऱ्या इतर देशांवरून त्यांचे गुण काढले. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ देतात त्यावर सगळे हसतात, पण भाषा एक, गायक एक, रेडिओवरची गाणीही तीच. त्यात कट कसला?

आता तुला ज्याचा राग येईल ते सांगते. वाद्यं सगळी खोटी. १९९९ पासून वाद्यवृंद बंद, संगीत ध्वनिमुद्रित. गिटारला वायर नसते, ढोलाचा आवाज मंचावरून येतच नाही. मुख्य गायकाने मात्र प्रत्यक्षच गायचं. मागच्या कोरसला २०२१ पासून मुद्रित आवाजाची मुभा आहे, आणि माझ्या मते तिथेच थोडी चव गेली. गाणं तीन मिनिटांच्या आत, मंचावर सहा माणसांहून जास्त नाहीत, वय किमान सोळा, जिवंत प्राणी नाही. तीन मिनिटांत आलापीला जागाच नाही. पंचवीस गाण्यांच्या रांगेत आपलं लक्षात राहावं म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळे पट्टी चढवतात, आणि आवाज तिथेच फसतात.

दोन गाण्यांच्या मध्ये पाऊण मिनिटाच्या आसपासची छोटी फिल्म दाखवतात. ती आपल्यासाठी नसते, मंच बदलण्यासाठी असते. तेवढ्या वेळात एक टोळी आधीचं सामान चाकांवर ढकलत बाहेर नेते, दुसरी नवीन आणते, खुणेच्या चिकटपट्टीवर बसवते, कुणी जमीन पुसतं, कुणी गायकाच्या कानातलं यंत्र तपासतं. म्हणून जड सामान आणणारे देश तालमीतच रडकुंडीला येतात. पहिल्या तालमीला अर्धा तास, दुसरीला वीस मिनिटं, बस. यजमानांचं स्वतःचंही फसतं. तुरिनला मंचावर फिरणाऱ्या कमानींचा सूर्य केला होता. तो ठरल्याप्रमाणे फिरेचना, आणि त्याच्या भरवशावर असलेल्या देशांना ऐनवेळी मांडणी बदलावी लागली. माणसं घुसण्याचेही प्रकार झालेत. २०१० ला ऑस्लोत स्पेनच्या गाण्यात एक जण चढला, तर स्पेनला शेवटी पुन्हा गाऊ दिलं. २०१८ ला लिस्बनमध्ये ब्रिटनच्या गायिकेचा माइकच हिसकावला. तिने गाणं तिथल्या तिथे पुरं केलं आणि परत गाण्याची संधी नाकारली. मला तिचंच पटलं.

क्रम २०१३ पासून कार्यक्रमाचे निर्माते लावतात. गायकाच्या नशिबी पहिला अर्धा की दुसरा एवढंच चिठ्ठीने येतं, काहींना तेही निर्मात्यांवर सोपवलं जातं. संथ गाण्यामागे धांगडधिंगा, मग पुन्हा संथ, असं ते बसवतात. आजवर दुसऱ्या क्रमांकावर गाऊन एकही देश जिंकलेला नाही, त्यामुळे तो क्रम वाट्याला आला की गायकाचं तोंड बघण्यासारखं होतं.

आता मन्याचं. उपांत्य फेऱ्या १२ आणि १४ मे, अंतिम १६ मे, इथल्या वीनर श्टाटहालेत, रात्री नऊला. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्रीचे साडेबारा, म्हणजे तारीख बदललेली: १३, १५ आणि १७ मे. अंतिम फेरी साधारण चार तास चालते, तेव्हा पहाटे साडेचारच्या सुमाराला निकाल. यूट्यूबवर युरोव्हिजनच्या अधिकृत चॅनेलवर बघावं.

भाग न घेणाऱ्या सगळ्या देशांची मतं २०२३ पासून एकत्र मोजून एका देशाइतकं वजन देतात. सांगलीचं मत त्या गठ्ठ्यात जाईल. ते ऑनलाइनच द्यायचं, कार्डाने, आणि मताला पैसे पडतात, तेही परकीय चलनात. आपल्या बँका कार्डावरचे परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद ठेवतात, ते बँकेच्या ॲपमध्ये आदल्या दिवशीच चालू करायला सांग. मर्यादाही छोटीच ठेवा. यूपीआयवर विसंबू नका. ओटीपी ज्या फोनवर येतो तो रात्री जवळ हवा, नाहीतर काकांना उठवावं लागेल. एका कार्डावरून जास्तीत जास्त दहा मतं. गेल्या वर्षीपर्यंत वीस होती. दहाही एकाच गाण्याला देता येतात.

निकालाच्या वेळी झोप आली तर परीक्षकांचे गुण चालू असताना खुशाल डुलकी काढ. पस्तीस देशांचे निवेदक एकेक करून येतात आणि तोंडाने फक्त बाराचं नाव घेतात. प्रेक्षकांचे गुण सुरू झाले की मात्र जागी राहा. परीक्षकांत तळाला असलेल्या देशापासून वर जात जातात, आणि वरच्या देशाला किती हवेत ते पडद्यावर दिसत असतं.

काकांना व आजीला सा. न. मन्याला म्हणावं, व्यवहार झाला की तो परदेशी व्यवहाराचा स्विच परत बंद कर.

तुझी,
चिनू