पाळतीच्या दप्तरातील नावांची फेरतपासणी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खासगीपणाचा अधिकार म्हणजे मोबाइल वापरणाऱ्या शहरी माणसांचा प्रश्न, असे आमच्याकडे सुशिक्षितही सहज बोलून जातात. मराठवाड्यातील पारधी वस्त्यांनी हा प्रश्न मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून भोगला आहे. आसपास दरोडा पडला की रात्री पालांसमोर पोलिसांची गाडी उभी राहते, पुरुषांना उठवून चौकशीला नेले जाते, आणि बापाचे नाव ठाण्याच्या दप्तरी असेल तर संशय मुलापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण जन्मावरून संशय घेण्याची रीत संपली नाही.

या रीतीला जो काही आळा बसला, तो न्यायालयात चिकाटीने लढलेल्या लढायांमुळे. उत्तर प्रदेशातील खरक सिंग दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटले, तरी त्यांच्या नावाने हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळत ठेवायच्या माणसाची पोलीस दप्तरातील नोंद, उघडली गेली आणि पोलीस व चौकीदार रात्री-अपरात्री त्यांचे दार ठोठावू लागले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, मात्र खासगीपणाला मूलभूत हक्क मानले नाही. ते नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मान्य करायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. मधल्या काळात, १९९६ मध्ये, 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेमुळे फोन टॅपिंगवर निर्बंध आले. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे हे या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

७ मे २०२४ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटचाच विचार केला. केवळ मागास जातीजमातीत जन्मल्यामुळे कोणाची अशी नोंद होऊ नये, नोंदींची वरिष्ठ अधिकाऱ्याने वेळोवेळी तपासणी करावी, अशी अपेक्षा व्यक्त करून सर्व राज्यांना आपापल्या नियमांचा फेरविचार करण्यास सांगितले. सराईत गुन्हेगारांवर पोलिसांनी लक्ष ठेवू नये, असे कोणीच म्हणत नाही.

हा निकाल पालापर्यंत नेणार कोण? ऊसतोडीला जाणारे कुटुंब उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठापर्यंत स्वतःहून जाऊ शकत नाही. पारधी अनुसूचित जमातीत असल्याने १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार त्यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. पण बहुधा तो अटक झाल्यावरच भेटतो, आणि पाळतीचा त्रास तर गुन्हा दाखल नसतानाही सुरू असतो. म्हणून मराठवाड्यातील प्रत्येक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने निदान दोन-तीन वकिलांवर केवळ हे काम सोपवावे. त्यांनी वस्तीत जाऊन तक्रारी लिहून घ्याव्यात आणि नाव वगळण्याचे अर्ज पोलीस अधीक्षकांकडे लेखी पोच घेऊन द्यावेत. अधीक्षकांनीही प्रत्येक अर्जावर कारणांसह लेखी उत्तर देण्याची मुदत जाहीर करावी.

आपला,
एक वकील, अंबाजोगाई (जि. बीड)