सारामागोच्या कविता राहिल्याच की!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पोर्तुगीज कादंबरीकार सारामागोवरचा लेख वाचला, छान होता, पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे नाव. लेखात होसे सारामागो छापलंय, पण होसे हे स्पॅनिश झालं, पोर्तुगीजमधे जुझे, आपल्या गोव्यात कुणालाही विचारा. दुसरी जास्त महत्त्वाची, लेखात म्हटलंय की हा माणूस साठीला आल्यावर अचानक लेखक झाला. अचानक कसला हो! १९४७ ला पहिली कादंबरी आली तेव्हा पंचविशीसुद्धा झाली नव्हती. दुसरी, 'क्लाराबोया', १९५३ मधे प्रकाशकाकडे गेली आणि तिथेच गडप, ना होकार ना नकार. थेट १९८९ ला निरोप आला की ऑफिस हलवताना तुमचं बाड सापडलं, छापायला आवडेल. तोवर सारामागोचं नाव झालेलं, साहजिकच आवडणार! तो म्हणाला थँक्यू, नको, आणि बाड परत घेऊन आला. मी जिवंत असेपर्यंत छापायचं नाही म्हणाला. २०१० ला गेला, पुस्तक २०११ ला आलं.

मधल्या काळात कादंबरी बंद, पण १९६६ आणि १९७० असे दोन कवितासंग्रह आले ते लेखात कुठेच नाहीत. नोबेल १९९८ चं, ते कादंबरीकार म्हणूनच मिळालं हे मान्य. पण तिथलं भाषण वाचा, सुरुवातच आजोबांपासून, लिहिता वाचता न येणारे, डुकरं पाळणारे. थंडीत अशक्त पिल्लं मरू नयेत म्हणून आजी आजोबा ती स्वतःच्या अंथरुणात घ्यायचे, आणि लगेच तो हेही सांगतो की हे काही भूतदयेपोटी नव्हतं, पिल्लू मेलं तर खाणार काय. हे असं बघणं मला तरी कवीचं वाटतं, आणि ती लांबलचक वाक्यं, संवादाला अवतरणचिन्ह नाही, सगळं स्वल्पविरामावर, ती तर मोठ्याने वाचली तरच नीट कळतात, मी वाचून बघितलीयत, घरचे वैतागले.

माझंही कवितांचं एक बाड एका प्रकाशकांकडे दोन वर्षं पडून आहे (नाव नाही सांगत), फोन केला की वाचतोय म्हणतात. छत्तीस वर्षं थांबायची आपली तयारी नाही बुवा. ते असो, सारामागोच्या दोनचार कविता कुणा जाणकाराकडून थेट पोर्तुगीजमधून मराठीत करून पुरवणीत छापता आल्या तर बघा, चौकटीतली जागाही पुरेल.

एक वाचक, मिरज